दळण, माळ आणि सकाळचे सात दहा

एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. वय 38, नाशिकला बँकेत नोकरी, दोन मुलं, सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणावर. 3 वर्षांपूर्वी इगतपुरीला धम्मगिरीवर 10 दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, फार शांत वाटलं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी सात दहाची शाळेची रिक्षा यायच्या वेळी लेकाच्या दप्तरात कंपासपेटी सापडेना, तेव्हा त्या इतक्या जोरात ओरडल्या की शेजारीण दारात आली. सकाळ-संध्याकाळ तासभर बसणं जमलं नाही. मग नामस्मरण धरलं, तेही तिसऱ्या आठवड्यात सुटलं. त्या विचारतात, संसारात राहून काही उजाडतं का, की हे सगळं निवृत्तीनंतरच? गुरू लागतो का? आणि जप किती करावा?

ताई, मी कीर्तनकार नाही, महाराज तर नाहीच. लोणंदच्या बाजूला एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. 1991 च्या कार्तिकीला पंढरपुरात माळ घातली. तेव्हापासून एकादशी, रोजचा हरिपाठ आणि आषाढीची वारी चालू आहे. वारी एकदा वडील गेले तेव्हा चुकली आणि करोनातली दोन वर्षं तर सगळ्यांचीच चुकली. या वाटेवर बरंच चाललेला माणूस, एवढ्याच अधिकारानं लिहितोय.

उजाडतं का, याचं उत्तर आधी देतो. मला लख्ख प्रकाश वगैरे कधी दिसला नाही. नीरेच्या पाण्यात माउलींच्या पादुकांना स्नान घालतात तेव्हा दरवर्षी डोळे भरून येतात, पण त्यावर मी फार भरवसा ठेवत नाही. तिथं सगळ्यांचेच भरून येतात, आणि त्याच रात्री लोणंदच्या मुक्कामी तंबूत पथारीच्या जागेवरून भांडणंही होतात. मी मोजतो ते वेगळंच. दळणाचं वजन थोडं घटतंच. पीठ उडतं, दगडाच्या उष्णतेनं धान्यातली ओल जाते, मूठभर आतच राहतं. तरी कुणी काट्याकडं बघून "पीठ कमी भरलं" म्हटलं की सुरुवातीच्या काळात तो शब्द माझ्या पोटात दोन-दोन दिवस फिरत राहायचा. रात्री कूस बदलताना मी त्या माणसाला मनातल्या मनात उत्तरं द्यायचो. आता पुढचा डबा काट्यावर चढेपर्यंत टिकतो. एखाद्या दिवशी संध्याकाळपर्यंत. एवढ्या वर्षांत एवढंच झालंय. तुम्हाला थोडं वाटेल, पण आमच्या मंडळींना विचारलंत तर त्या म्हणतील, पुष्कळ झालं.

गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची, कथा तुम्ही ऐकली असेल. तेरला त्यांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताईनं तिथलं थापटणं बघून विचारलं, काका, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं का पक्कं ते यानं कळतं. मग आमचीही मडकी बघा की, म्हणाली. काका एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले, आणि तेच मडकं कच्चं ठरलं. ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलानं खाल्ला असं आपण लहानपणापासून ऐकतो, तेच हे नामदेव. देवाशी बोलणारा माणूस, पण डोक्यात थाप बसली आणि आवाज वेगळा आला. पुढं ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडं गेले, तिथं पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या विसोबांनी त्यांना काय दाखवलं, हा कीर्तनातला पुढचा भाग. मला मात्र आधीचा भाग पुरतो. कीर्तनात लोक इथं हसतात. मला गिरणीत उभं असताना वाटतं, आपलं थापटणं रोज सकाळी नऊला येतं, डोक्यावर डबा घेऊन.

तर तुमचं शिबिर वाया गेलं असं मुळीच समजू नका. 10 दिवस मौन, पहाटे चारची घंटा, मोबाइल जमा. तिथं तुमचे स्वतःचे गुडघे सोडले तर थापटणारं कुणी नसतं. ती भट्टी. घरी आल्यावर चौथ्या दिवशी लेकानं थापटलं. आवाज कसा आला ते शेजारणीला ऐकू गेलं, पण मुख्य म्हणजे तुम्हाला ऐकू आलं. शिबिराच्या आधीही तुम्ही कधीतरी ओरडतच असाल. तेव्हा ते तीन वर्षं मनात राहत नव्हतं.

माझं सांगणं असं आहे की अख्खा दिवस पवित्र करायच्या मागं लागू नका. तोल रोज जिथं जातो अशी एकच जागा शोधा आणि ती धरून ठेवा. तुम्हाला तर ती शोधायचीही गरज नाही, तुम्ही वेळेसकट लिहून पाठवली आहे. सात पाच ते सात दहा.

धरायची म्हणजे काय करायचं? पहिले पंधरा दिवस काही बदलायचं नाही. ओरडणं आलं तर ओरडा. फक्त बघा की ते अंगात कुठं सुरू होतं. हे बघायला शिबिरात तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं शिकवलंय. माझा डावा कान आधी गरम होतो, शब्द मागून येतात. हे कळायला मला सहा वर्षं लागली, कारण मला कुणी शिकवलंच नव्हतं. कान आणि शब्द यांच्यामध्ये थोडी जागा असते. एक श्वास मावेल इतकीच. त्या जागेत मी वजनकाट्याचं ताट फडक्यानं पुसतो. पीठ सांडलेलं नसलं तरी पुसतो. नेहमीची गिऱ्हाइकं आता ओळखून आहेत. परवा एक पोरगा म्हणाला, "आज आजोबांनी काटा तीनदा पुसला, आई, चल लवकर." तुम्हीही हाताला काहीतरी काम द्या. रिक्षाच्या वेळी पाण्याच्या बाटलीचं झाकण आवळणं हे त्यातल्या त्यात सोयीचं.

आणि दप्तर रात्री भरा. हसू नका. रात्री साडेबारापर्यंत जागून पहाटे साडेपाचला डबे करणाऱ्या बाईनं चारला उठून ध्यान करायचं ठरवलं, तर ते तिसऱ्या आठवड्यात मोडणार हे मला न भेटताही सांगता येतं. गिरणीत दगड फार आवळले की पीठ बारीक पडतं, पण गरम होतं, हाताला चटका बसतो, आणि ज्वारीची विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते. भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरत जाते. नवा गिरणीवाला हीच चूक करतो, कारण बारीक पीठ बघून गिऱ्हाईक तिथल्या तिथं खूश होतं. शिव्या दुसऱ्या दिवशी येतात. तुम्ही तीन महिने साधना विसरून रोज तासभर जास्त झोपलात, तर त्या सात दहाच्या रिक्षेचं अर्धं दुखणं तिथंच मिटेल असा माझा अंदाज आहे. उरलेल्या अर्ध्याला साधना लागते.

आता सासूबाईंचं. "त्यांचं करणं हीच सेवा, त्यातच देव बघ" असं तुम्हाला आतापर्यंत दहा जणांनी सांगितलं असेल. मी नाही सांगणार. हे वाक्य बहुतेक करून ज्यांना चादर बदलावी लागत नाही त्यांच्याच तोंडी ऐकलंय. त्यासाठी जनाबाईचा दाखला देतात, ती दळता-कांडता नाम घ्यायची म्हणून. पण तिचे अभंग जरा कान देऊन ऐका, त्यात देव काय करतो? तो येऊन तिच्याबरोबर दळू लागतो, शेणी वेचतो, पाणी भरतो. तिच्या डोक्यातल्या उवासुद्धा काढतो! एका दासीच्या घरी येऊन "तुझं कर्तव्य तू कर" असं सांगून तो निघून जात नाही, कामाला हात लावतो. म्हणून ताई, तुमच्या घरच्यांनाही हात लावायला लावा. यजमानांशी अध्यात्मावर चर्चा नको. बुधवारी आणि रविवारी आईचं अंग पुसणं आणि चादर त्यांच्याकडं, एवढं ठरवून टाका. पहिले चार-सहा दिवस चादर वाकडी घातली जाईल. तुम्ही ती सरळ करायला जाऊ नका, ही तुमची साधना.

हे मी मोठ्या शहाणपणानं बोलतोय, पण आमच्या घरी उलटंच झालं होतं. आईच्या शेवटच्या सात महिन्यांत संध्याकाळी मी देवळात टाळ वाजवायचो आणि बायको आईचं करायची. गावात भाविक म्हणून नाव माझं होतं.

सावता माळ्यांची "कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी" ही ओळही तुम्हाला कुणीतरी पाठवलीच असेल. फार गोड ओळ आहे. काम हाच देव म्हणायला ती सगळीकडं वापरतात, हल्ली नोकरदारांच्या सभांमध्येसुद्धा. मला त्यातलं वेगळं काही आवडतं. सावतोबा पंढरीला गेले नाहीत, अरणच्या मळ्यातच राहिले, 1295 साली तिथंच समाधी झाली, आणि आजही त्यांच्या पुण्यतिथीला पंढरपुराहून पांडुरंगाची पालखी अरणला जाते. म्हणजे ज्याला निघता येत नाही त्याच्याकडं कुणीतरी निघून येतं, हे आमच्या संप्रदायात मान्य आहे. सासूबाई अंथरुणावर असताना शिबिराला जाता येत नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नका.

जप किती, हा तुमचा तिसरा प्रश्न. माळेचे मणी 108 असतात. त्यापलीकडं आकड्याचं महत्त्व मला फारसं उमगलेलं नाही. मोबाइलवर मोजणी ठेवता असं तुम्ही लिहिलंय. एक दिवस खंड पडला की आकडा शून्यावर येतो आणि मग माणूस रुसून सगळंच सोडतो. ते काढून टाका. आमचा हरिपाठ 27 अभंगांचा, चार जण मिळून म्हटला तर अर्ध्या तासाच्या आत होतो. एकट्याला रोज सगळा जमत नसेल तर एक अभंग म्हणा, पण ठरल्या वेळी. दिवेलागणीला म्हणाल तर दिवेलागणीलाच.

काम करता करता नाम घ्यावं म्हणतात, त्यालाही माझी एक पुस्ती आहे. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, बसमध्ये खुशाल घ्या. पण नीट लक्ष द्यावं लागतं अशा कामात नाम घेऊ नका. माळ घातल्यावर पहिल्या वर्षी मला फार उत्साह होता. चालू गिरणीसमोर डोळे अर्धे मिटून "रामकृष्णहरी" चाललं होतं आणि सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली. बाही फाटली म्हणून हात वाचला. अंगठ्याचं नख गेलं ते आजही वाकडंच उगवतं. वस्ताद म्हणाले, "पट्टा चालू असताना पट्टाच बघायचा. देवाला काय घाई आहे?" तुम्ही बँकेत दुसऱ्याचे पैसे मोजता. मोजताना आकडा बघा, तेवढ्यापुरता तोच जप.

गुरूबद्दल लांबण लावत नाही. आमच्यात माळ एखाद्या जुन्या माळकऱ्याच्या हातून घालतात. मद्य-मांस वर्ज्य, एकादशी करायची, वारी चुकवायची नाही, एवढंच वदवून घेतात. त्यासाठी दक्षिणेचा ठरलेला आकडा सांगणारा कुणी भेटला तर चहा पिऊन परत या. चांगला माणूस भेटला तर त्याच्या पायाशी बसा, नाही भेटला तर थांबू नका. तुम्ही विपश्यनेत शिकलात तेच चालू ठेवलंत तरी माझी काही हरकत नाही. वाट बदलत राहण्यातच माणसाची दहा वर्षं जातात.

एक गोष्ट मात्र जपा. रडू आवरत नाही, आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच जीव लागत नाही असं असेल, तर आधी डॉक्टर. आमच्या जवळच्या नात्यात याला "भक्ती कमी पडतेय" म्हणून दोन वर्षं घालवली. गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस पुन्हा हरिपाठाला येऊन बसला.

इतकं वाचून हा माणूस बराच पोचलेला दिसतो असं वाटत असेल, म्हणून एक प्रसंग सांगतो. आठ-नऊ वर्षं झाली असतील. दशमीचा दिवस होता. आमच्या आळीत एक म्हातारी होत्या, पन्नास वर्षांच्या माळकरी, वारीत आम्ही त्यांच्यामागून चालायचो. दुसऱ्या दिवशीच्या उपवासाला भाजणी दळायला घेऊन आल्या. राजगिरा, वरी, साबुदाणा, सगळं घरी भाजून आणलेलं. उपवासाचं दळण घालायचं तर आधी गिरणी थांबवायची, दगड उघडून आतलं पीठ झाडायचं, तोंडाची कापडी पिशवी झटकायची, मग त्याच धान्याची एक ओंजळ फिरवून ते पीठ बाजूला टाकायचं. अर्धा तास मोडतो. दगडात तेव्हा गहू होता आणि देवळात हरिपाठाची वेळ झाली होती. टाळ माझ्याकडं असायचा, मला उशीर झालेला खपायचा नाही. म्हातारी बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. मी दगड उघडले नाहीत. तसंच घातलं, तसंच काढलं, डबा हातात दिला, वर "राम कृष्ण हरी माउली" म्हणालो.

देवळात टाळ धरला तो हातात जड झाला. हरिपाठ संपेपर्यंत कुणाला काही कळलं नाही, चाल एकदाही चुकली नाही. पन्नास वर्षांत जिच्या पोटात एकादशीला उपवासाला न चालणारा एक कण गेला नाही तिला मी गहू खायला घातला होता, आणि तोही देवळात वेळेवर पोचायला. रात्रीच जायला हवं होतं. गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रस्त्यात त्या दिसल्या की मी दुसऱ्या बोळानं जायचो. अकरा दिवसांनी, पुढची एकादशी तोंडावर आली तेव्हा, कसाबसा त्यांच्या दारात उभा राहिलो आणि सांगितलं.

त्या भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "फडताळात खालच्या कप्प्यात डबा आहे बघ." डबा काढला तर भाजणी होती तशीच, वरचा कागदही हलला नव्हता. म्हणाल्या, "घरी येऊन झाकण काढलं तर गव्हाचा वास. त्या एकादशीला शेंगदाणे खाल्ले. टाकून देणार होते, म्हटलं राहू दे, तू कधी येतोस ते बघू. फार दिवस लावलेस रे."

मग मला बसायला सांगून त्यांनी त्याच पिठाची थालीपिठं लावली. त्या दिवशी उपवास नव्हता. दोन खाल्ली. तिसरं त्यांनी बायकोसाठी फडक्यात बांधून दिलं.

आता थांबतो, ताई. कार्तिकीनंतर कळवा, सात दहाचं काय झालं ते. आज दशमी आहे, दारात चार डबे लागलेत आणि पहिल्या नंबरात राजगिरा आहे. दगड उघडायचेत.